शंका लघु, लाज दीर्घ

मराठीत संडासासाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती संडासांची. परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे, डबा घेऊन जाणे, टमरेल उचलणे, विधी उरकणे. यांतल्या बहुतेक प्रयोगांत निघण्याची दिशा आणि सोबतचे भांडे नीट सांगितलेले असते, पोचल्यावर काय होते याबद्दल भाषा तोंड मिटून बसते. परस म्हणजे घराची मागची बाजू. चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून तिकडे जायचे तर गॅलरीचा कठडाच ओलांडावा लागेल, तरी गावाकडून आलेले आजोबा रोज सकाळी परसाकडे जाऊन सुखरूप परततात.

‘शौच’ या शब्दाचे तर नशीबच फुटके. त्याचा मूळ अर्थ शुद्धी, पावित्र्य. पतंजलीच्या योगसूत्रांत सांगितलेल्या पाच नियमांतला तो पहिला, आणि त्याच्या लगेच पाठोपाठ येतो संतोष. अर्थ पार बदलला, पण हा क्रम तेवढा आजही टिकून आहे. शब्द कितीही धुऊन-पुसून आणला तरी या खोलीत चार दिवस राहिला की त्याला वास येऊ लागतो, मग नवा आणावा लागतो. साहेबाचीही तीच गत. लॅट्रिनचे मूळ लॅटिनमधल्या धुण्याच्या क्रियापदात आहे, तर टॉयलेट हा मुळात फ्रेंचांचा कापडाचा छोटा तुकडा. मराठीने संडासाचे शौचालय केले, शौचालयाचे स्वच्छतागृह आणि स्वच्छतागृहाचे प्रसाधनगृह. प्रसाधन म्हणजे नट्टापट्टा. एसटी स्टँडवरच्या प्रसाधनगृहात आजवर कुणी पावडर लावली असेल तर ती नाक दाबलेल्या हातानेच.

सध्या राज्य आहे ते बाथरूमचे. ‘बाथरूमला जाऊन येतो’ इथवर ठीक होते. आता बाथरूम लागते, बाथरूम होते, आणि धाकट्याने गादीतच बाथरूम केली अशी तक्रारही येते. आख्खी खोली माणसाच्या पोटातून बाहेर पडू शकते, हा चमत्कार रोज घडतो आणि कुणाची भुवई हलत नाही. सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या काकूंना चौथा ग्लास पाणी पाजून सिस्टर विचारते, “काकू, बाथरूम आली का?” काकू मान हलवतात. “मग अजून थोडी दाबून धरा.” आणि समोरच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते: मुतखड्यावर उपचार.

रोखठोक शब्दांना थारा मिळतो तो हा असा, पाटीवर. हगणे, मुतणे, पादणे ही क्रियापदे मोल्सवर्थ या लष्करातल्या साहेबाने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात बिनदिक्कत नोंदवली. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. नंतर शिकल्या-सवरल्या मराठी घरांनी ही क्रियापदे उंबऱ्याबाहेर काढली. पण हगवण राहिली, कारण ती आजारपणाच्या सवलतीत बसते. सगळ्यांत मोठा मान मिळाला तो मात्र सरकारकडून. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि पुढे ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द थेट सरकारी कागदात जाऊन बसला. जो शब्द पंगतीत उच्चारला तर पोराच्या कानाखाली आवाज निघेल, तोच वेशीवरच्या कमानीवर पाहुण्यांचे स्वागत करू लागला. मोकळा शब्द सरकारने उचलला, तर मोकळ्यावर बसणाऱ्यांना पकडायला पहाटे निघणाऱ्या पथकाला नाव मिळाले ‘गुड मॉर्निंग पथक’. अंधारात टॉर्चचा झोत, मागोमाग शिट्टी आणि टमरेलासकट उभा राहिलेला गृहस्थ; अशा प्रसंगाला मराठी नमस्कार शोभला नसता, एवढे सरकारलाही कळले.

म्हणींना सरकारी मान्यतेची कधी गरज पडली नाही. कद्रू माणसाचे वर्णन ‘कापल्या करंगळीवर मुतणार नाही’ याहून नेमके आजवर कुणाला जमलेले नाही. यात औषध आहे, शेजारधर्म आहे आणि शून्य खर्चातही हात आखडणारा माणूस आहे. शाळेत सुट्टी मागायला वर होते तीही करंगळीच, हा योगायोग गुरुजींच्या सहसा लक्षात येत नाही. ‘पादा पण नांदा’ हा तर दोनच क्रियापदांत संपणारा संसारशास्त्राचा ग्रंथ. लग्नपत्रिकेवर तो अजून छापला जात नाही, एवढेच. आणि हगणाऱ्याला नाही तर निदान बघणाऱ्याला तरी लाज वाटावी, ही अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने पुढे ती लाज ऐकणाऱ्याच्या कानावर ढकलली.

तेव्हापासून शब्द टाळण्याकडे कल वाढला. बड्या हॉटेलांत तर आता दारावर अक्षरच नसते. एका दारावर फेटा, दुसऱ्यावर नथ. कुठे नुसती मिशी आणि बांगडी. त्याहून महागड्या ठिकाणी एक त्रिकोण वर टोक केलेला, एक खाली. सोलकढीचे दोन ग्लास रिचवलेला गिऱ्हाईक दोन्ही त्रिकोणांसमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहतो. लघुशंकेतली शंका म्हणजे काय, ते त्याला तिथे कळते. शेवटी तो वेटरला गाठतो आणि हळूच विचारतो, “दादा, हात कुठे धुवायचे?” वेटर बेसिनकडे बोट दाखवतो.