मोंढ्यातला तारा

संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शहर मागे पडता पडता शेंद्र्याची एमआयडीसी लागते. तिथल्या स्कोडाच्या कारखान्यात 2007 पासून ऑडीही जोडली जाते. जर्मनीतल्या इंगोलश्टाटची ही बडी गाडी जालन्यापासून तासाभराच्या अंतरावर जन्माला येते. त्यामुळे बदनापूरच्या टपरीवर चहा पिणारा माणूस समोरून ऑडी गेली तर मान वर करतो खरा, पण त्याच्या नजरेत परक्याचं नवल नसतं. 'आपल्या शेंद्र्याची' एवढी नोंद घेऊन तो उरलेला चहा बशीत ओततो. मर्सिडीज चाकणला तयार होते, म्हणजे ती पुण्याची. बीएमडब्ल्यू तेवढी चेन्नईची, पण दरसाल बालाजीला जाणाऱ्यांना तेही काही लांब वाटत नाही. जर्मन गाड्या आमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या आणि घरजावई होऊन राहिल्या.

अशा ठिकाणी एखाद्याने अमेरिकेची कॅडिलॅक आणली तर काय होईल, हा प्रश्न मला मधूनमधून छळतो. माझ्या खिशाचा आणि या प्रश्नाचा काडीचाही संबंध नाही, म्हणूनच तो निवांत चघळता येतो.

घेणारा जालन्यात सापडणार नाही असं नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथे लहान मुलालाही पाठ असते. सळईच्या भट्ट्या आहेत, मोसंबीचा बाजार आहे, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा जालन्याचं नाव थेट अमेरिकेत आयोवापर्यंत पोचलं. जालना अमेरिकेत गेलं, अमेरिकेची बडी गाडी मात्र जालन्यात आली नाही.

तर समजा, एका सळईवाल्या शेठनी ती आणली. नवी गाडी म्हटल्यावर आधी राजूरच्या गणपतीला जाणं आलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं, पुढे नारळ. हार घालताना पहिली अडचण येते. मर्सिडीजच्या बॉनेटवर उभा तारा असला तर हार अडकवायला आयती खुंटी मिळते. कॅडिलॅकचं ढालीसारखं चिन्ह जाळीवर सपाट बसवलेलं, त्यामुळे हार घसरून नंबर प्लेटवर येतो. तेवढ्यात शेजारी स्कूटर लावणारा विचारतो, "भाऊ, कोणती म्हणायची ही?"

"कॅडिलॅक."

"टाटाची का?"

"नाही हो, अमेरिकेची."

"असं का. कितीला पडली?"

शेठ आकडा सांगतात. स्कूटरवाला थोडा वेळ गाडीकडे बघतो, थोडा वेळ शेठकडे बघतो, आणि अगदी सद्भावनेने म्हणतो, "एवढ्यात तर मर्सिडीज आली असती की."

शेठचा सगळा खर्च त्या एका वाक्यात पाण्यात जातो. पन्नास-साठ लाख माणूस घालतो ते स्वतःला कळावं म्हणून नव्हे, दुसऱ्याला न सांगता कळावं म्हणून. ज्या श्रीमंतीची फोड करून सांगावी लागते ती श्रीमंती नसते, ते भाषण असतं. आणि भाषणं ऐकायला जालन्यात गाड्यांची गरज पडत नाही.

यात त्या बिचाऱ्या गाडीवर अन्यायच होतो. कॅडिलॅक काही उपरी नाही, 1902 सालची आहे. 1908 मध्ये इंग्लंडात रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तिची अशी परीक्षा घेतली की वाचताना आपल्याकडचे फिटर डोळ्यांसमोर उभे राहतात. तीन गाड्या पूर्ण खोलल्या, सुटे भाग एकत्र ढिगात मिसळले, त्यातले 89 भाग बाजूला काढून दुकानातल्या साठ्यातले नवे घातले आणि सांगितलं, आता नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुन्हा तीन गाड्या उभ्या करा. कानस मारायची नाही, घासायचं नाही, ठोकायचं तर नाहीच. गाड्या उभ्या राहिल्या आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर 500 मैल धावल्या. त्या काळी एका गाडीचा भाग दुसरीला बसणं हाच चमत्कार होता. आमच्याकडे गाडी खोलून पुन्हा जोडली की चार स्क्रू हटकून उरतात आणि फिटर शांतपणे सांगतो, "कंपनी जास्तीचे देते." कॅडिलॅकचा एकही उरला नाही. पुढे 1912 मध्ये हँडल मारण्याच्या कटकटीतून माणसाची सुटका करणारा विजेचा स्टार्टर तिनेच पहिल्यांदा आणला. आणि 1959 ची ती मागे विमानासारखे पंख असलेली कॅडिलॅक! लांबी पावणेएकोणीस फूट. जालन्याच्या सदर बाजारात ती शिरली असती, पण वळून बाहेर आली नसती. तिच्यामागे आणखी एक गल्ली पाडावी लागली असती.

अमेरिकन गाड्यांना आपण अगदीच अनोळखी होतो असंही नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1947 मध्ये डॉज आणि प्लिमथ बाहेर काढल्या. मुंबईत त्या धिप्पाड गाड्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. मोठा माणूस म्हणजे अमेरिकन गाडी, हे समीकरण तेव्हा पक्कं होतं. मग 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसते खोके उघडून गाड्या जोडणं पुरे, इथे भाग बनवायचे असतील तर राहा. जनरल मोटर्सने हिशेब केला आणि 1954 मध्ये शिवडीला टाळं लावलं.

त्याच 1954 मध्ये जमशेदपूरला टाटा आणि जर्मनांच्या डायमलर-बेंझ यांनी मिळून ट्रक बनवायला घेतला. त्याचं नाव टाटा-मर्सिडीज-बेंझ आणि त्याच्या कपाळावर तोच तीन पाकळ्यांचा तारा. 1969 पर्यंत म्हणजे तब्बल पंधरा वर्षं तो तारा देशभर ज्वारीची पोती, सरकीच्या गोण्या आणि कापसाच्या गाठी वाहत हिंडला. मोंढ्यात हमालाने पाठ टेकली ती त्याला, क्लीनरने पहाटे फडक्याने पुसला तो तोच, आडत्याच्या पोराने पाटीवर चित्र काढलं तेही त्याचंच. घाटात बंद पडला नाही, ओव्हरलोडला कुरकुरला नाही. पुढे करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला, पण तोवर दोन पिढ्यांच्या डोळ्यांत ते चिन्ह रुतून बसलं होतं. माझं ठाम मत आहे की मर्सिडीजची जाहिरात आपल्याकडे कुठल्याही एजन्सीने केली नाही, ती मोंढ्याने केली. बाप ज्या ताऱ्याच्या मागे पोत्यांवर बसून गेला, त्याच ताऱ्याच्या मागे आपण गादीवर बसून जावं, ही हौस मुलाला वाटणारच.

म्हणूनच ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या गेल्या, सुमारे 65 कोटींच्या, तेव्हा बाहेरच्या जगाने बोटं तोंडात घातली तरी आमच्याकडे फारशी कोणी घातली नाहीत. किराणा मालासारखी गाडीही ठोकात स्वस्त पडते, हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिलं की बँकेने त्या गाड्यांना ट्रॅक्टरपेक्षा कमी व्याजाने कर्ज दिलं. ते वाचून ट्रॅक्टरवाल्यांना काय वाटलं असेल ते मी इथे लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. त्या दीडशेत एखादी अमेरिकन घ्यावी, असं मात्र कोणाच्या स्वप्नातही आलं नसावं.

दरम्यान तिकडे अमेरिकन गाडी काय करत होती? जर्मनांची शिकवणी लावून बसली होती. 1980 च्या सुमारास अमेरिकेतले डॉक्टर-वकीलच जर्मन गाड्या घेऊ लागले, तेव्हा कॅडिलॅकने घाईघाईने सिमरॉन नावाची छोटी गाडी काढली. ती निघाली शेव्हरोलेटच्या साध्या कॅव्हेलियरवर कातडं चढवलेली. लोकांनी ती पहिल्या नजरेत ओळखली. मग 1996 च्या अखेरीस कटेरा आली. जर्मनांना टक्कर द्यायला निघालेली ही अमेरिकन गाडी मुळात जर्मनच होती. ओपेलची, जर्मनीतच रुसेल्सहाइमला बनलेली. वर तिच्या जाहिरातीत एक कार्टूनचं बदक. कॅडिलॅकच्या जुन्या चिन्हात बदकं होती म्हणे, म्हणून. बदक बघून एवढे पैसे काढून देणारा माणूस जालन्यात तरी नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास जनरल मोटर्स भारतात परतली ती ओपेल ॲस्ट्रा घेऊनच, म्हणजे आपल्याकडेही जर्मन मुखवटा लावून. पुढे शेव्हरोलेट आली, 2008 मध्ये तळेगावला कारखाना झाला, 2017 मध्ये विक्री बंद, आणि तो कारखाना आता ह्युंदाईकडे गेला. या सगळ्या येरझाऱ्यांत कॅडिलॅकला काही त्यांनी इकडे आणलं नाही.

तिची शिकवणी मात्र चालूच राहिली. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकवर ती घोटून घोटून धावली आणि 2008 मध्ये सीटीएस-व्ही या सेडानने तिथे एक फेरी आठ मिनिटांच्या आत मारून दाखवली. पाठोपाठ एटीएस आली, बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिजचं माप समोर ठेवून, ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवून बनवलेली. 2013 मध्ये ती उत्तर अमेरिकेतली त्या वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरली. जाणकारांनी तिच्या वळण्याची तारीफ केली. एल्डोराडो, फ्लीटवूड अशी राजेशाही नावं टाकून जर्मनांसारखी अक्षरं आणि आकडे घेतले. नावाला आकडे असण्याचं जालन्याला काही नाही, एनएचएच-44 हे कापसाचं वाण आमचे शेतकरी नातवाच्या नावासारखं घेत आले आहेत. पण कॅडिलॅकला ते शोभलं नाही. 2014 मध्ये कंपनीचे प्रमुख म्हणून आणले तेही पूर्वी अमेरिकेत ऑडी विकणारे गृहस्थ. इतकं करून एटीएस ब्रिटनमध्ये विकायला नेली ती डावीकडच्या स्टिअरिंगसह! अंबडच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे चालल्यात, तुमचं स्टिअरिंग डावीकडे, आणि ओव्हरटेक करायचंय. म्हणजे समोरून एसटी येतेय का, हे शेजारी बसलेल्या बायकोला विचारायचं. एवढा विश्वास लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावरही धोक्याचाच. सुदैवाने आपला कायदाच उजवं स्टिअरिंग मागतो.

खरी चूक मला वेगळीच दिसते. जुन्या कॅडिलॅकमध्ये बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटे, खड्डा लागला तरी नुसती झुलायची. जर्मनांना टक्कर द्यायची म्हणून अमेरिकनांनी तो सोफा काढून टाकला आणि गाडी टणक केली. आणि जर्मनांनी आपल्याकडे काय केलं? त्यांनी बघितलं की इथला शेठ गाडी चालवत नाही, मागे बसतो, पाय लांब करतो आणि फोनवर भाव ठरवतो. मर्सिडीजने 2017 मध्ये ई-क्लास लांब करून दिली. 2021 मध्ये थ्री सीरिज लांब झाली, 2024 मध्ये फाइव्ह सीरिजही. ज्या थ्री सीरिजची नक्कल करण्यात अमेरिकेने इतकी वर्षं घालवली, ती स्वतः पाय पसरायला जागा करून आमच्या शेठच्या दारात उभी राहिली. अमेरिकन गाडी जर्मन व्हायला निघाली तेव्हा जर्मन गाडी मारवाडी झाली होती.

आता थोडं जालन्याच्या बाजूनेही सांगायला हवं. ऑगस्ट 2022 मध्ये इथे प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आले ते गाड्यांवर 'राहुल वेड्स अंजली'ची स्टिकरं लावून, वऱ्हाड म्हणून. दुल्हन घेऊन जाणार असं गाड्यांवर लिहिलेलं होतं. नेली ती 56 कोटींहून अधिक रोकड. तेव्हापासून चकचकीत गाडी दारात उभी करावी की नाही, यावर काही घरांत दुमत आहे. लग्नाच्या ताफ्याकडे लोक अजूनही जरा निरखून बघतात. या वातावरणात कोणाला न ओळखू येणारी महाग गाडी घेण्यात खरं तर शहाणपण आहे. कॅडिलॅकला हा मुद्दा जाहिरातीत वापरता येईल.

कॅडिलॅक आली नसली तरी अमेरिकेच्याच टेस्लाने 15 जुलै 2025 ला मुंबईत बीकेसीत दुकान थाटलं, पण तिथे ठेवली ती मॉडेल वाय, सेडान नव्हे. त्यातही त्यांनी हवा ओळखली म्हणायची. कारण समृद्धी महामार्गावर 120 ने जाणारी सेडान जामवाडीला खाली उतरली की पुढचा गावरस्ता तिच्या पोटाला लागतो. म्हणून पुढारी आणि त्यांचे कार्यकर्ते जर्मन-अमेरिकन वादात पडतच नाहीत. ते पांढरी फॉर्च्युनर घेतात. ती जपानी आहे हे कोणी विचारत नाही, सात माणसं बसतात का एवढंच विचारतात.

तरीही कॅडिलॅकला इथे यायचंच असेल तर न्यूरबर्गरिंगचा नाद सोडावा. जनरल मोटर्सकडे जीएमसी नावाचे ट्रक आहेत. ते आधी नव्या मोंढ्यात पाठवावेत, मोसंबी आणि सरकी भरून पंधरा वर्षं चालवावेत, क्लीनरला फडक्याने पुसू द्यावेत. सेडानचं मग बघता येईल.