सोमवार, सात गावं आणि भावोजी

ती. भावोजींना,


नीसच्या सहलीचा आपला तक्ता मिळाला. रंगीत छपाई, भोवती चौकट आणि माथ्यावर ठळक अक्षरांत ‘सोमवार : फ्रेंच रिव्हिएरा संपूर्ण’. कान, आंतिब, एझ, मोनाको, माँतों, सीमेपलीकडे इटलीतलं वेंतिमिल्या आणि शेवटी कंसात ‘वेळ उरल्यास सँ-त्रोपे’. सगळं ट्रेन-बसने, टॅक्सीला एक युरोही द्यायचा नाही. असा तक्तेकार हल्ली घरटी एक असतो, म्हणून हे पत्र खुलंच ठेवतो आहे.

तक्त्यात खोट काढण्याची माझी छाती नाही. खोट त्या किनाऱ्यात आहे आणि त्याला कोणीतरी वेळीच समज द्यायला हवी.

उदाहरणार्थ एझ. आपण ‘स्टेशनवर उतरून गाव पाहणे, ३५ मिनिटे’ असं लिहिलं आहे. स्टेशन समुद्राकाठी आणि ज्याचे फोटो पाहून आपण ते यादीत घातलं ते गाव वर कड्यावर, चारशेहून अधिक मीटर उंचीवर. मधे एक खडी पायवाट आहे, तिला तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव दिलंय. हिवाळ्यात नीसला मुक्कामाला असताना तो ती चढायचा आणि ‘झरतुष्ट्रा’ या ग्रंथातला काही भाग त्याला त्या चढणीवरच सुचला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. धडधाकट माणसाला वर पोचायला तासाहून जास्त लागतो. आपल्या गुडघ्यांना काय सुचेल ते मी लिहीत नाही. नीसहून थेट वरच्या गावात जाणारी बस आहे, पण ती मधल्या घाटरस्त्याने जाते आणि तक्त्यात तर एझपुढे ‘फक्त रेल्वे’ असं अधोरेखित केलंय. तेव्हा गावानेच खाली यावं, हे बरं.

मोनाकोला आपण २५ मिनिटं दिलीत, कारण देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. हिशेब चोख आहे. फक्त तो देश आडवा कमी आणि उभा जास्त पसरलाय. १९९९पासून तिथलं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे. फलाटावरून उजेडात यायचं तर बोगदे, सरकते जिने, लिफ्ट, आणि चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर भलत्याच मजल्यावरचं मोनाको समोर येतं. राजवाड्यापुढे पहारा बदलतो ११:५५ला. आपण तिथे १२:१०ला पोचता. पहारेकऱ्यांना पंधरा मिनिटं थांबायला सांगावं लागेल.

सोमवार निवडलात तो गर्दी टाळायला, हे तर फारच दूरदर्शीपणाचं. आंतिबचं पिकासो संग्रहालय सोमवारी बंदच असतं, त्यामुळे तिथे गर्दीचा प्रश्नच येत नाही. वेंतिमिल्याचा मोठा बाजार भरतो शुक्रवारी. त्या रिकाम्या जागेत फिरायला आपल्याला ऐसपैस मोकळीक मिळेल.

परतीचं मात्र जरा अवघड आहे. ‘पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवणे’ हा आपला नियम क्रमांक १. शेंगेन व्हिसावर एकदा आत शिरलं की पुढे कसली आली सीमा, असं आपण ताईला ठणकावून सांगितलंत. फ्रान्सने २०१५मध्ये इटलीच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, हे फ्रेंच पोलिसांनी आपल्याला कळवायला हवं होतं. इटलीकडून येणारी गाडी माँतों-गाराव्हानला थांबते, पोलीस डब्यात चढतात, कागद मागतात. त्यांना तक्ता दाखवा. रंगीत आहे.

सँ-त्रोपेला रेल्वे जात नाही. सँ-राफाएलला उतरून बस धरायची आणि ती उन्हाळ्यात त्या एकुलत्या किनारी रस्त्यावर मोटारींच्या रांगेत उभी राहते. बोटही आहे, पण तक्त्यात बोटीचा रकाना नाही. संपाचाही नाही. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप असला की कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी संध्याकाळी जाहीर होतं. एवढा शिस्तीचा संप आपल्या तक्त्यात सहज बसला असता.

एक रांग मात्र मला मनापासून आवडली : ‘व्हिलफ्रांश : खिडकीतून (उजवी बाजू)’. नीस सोडल्यावर काही मिनिटांतच हे स्टेशन येतं, समुद्र खरोखर उजव्या हाताला आणि खाली उतरलं की लगेच किनारा. गोल वळलेला उपसागर, संथ पाणी, मागे पिवळी-केशरी घरं. ताईने ती ओळ वाचली, पिशवीत टॉवेल आणि पुस्तक टाकलं आणि ‘मी इथेच उतरणार’ म्हणाली. तेव्हा व्हिलफ्रांशपुढच्या सगळ्या रकान्यांतून तिचं नाव खोडावं. माझंही.

कळावे, लोभ असावा.

आपला मेहुणा