संशोधनातून सिद्ध झालं हो!

अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात टॉवर उभे राहू लागले, तसतसे तिथले शास्त्रज्ञही वाढले. प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किमान तीन तरी असतातच: एक निवृत्त काका, एक सेक्रेटरी आणि एक जण जो स्वतः काहीच लिहीत नाही, नुसतं पुढे ढकलतो. आजचा टँकर कधी येणार हे यांपैकी कुणालाच सांगता येत नाही. कॅन्सर कशाने होतो, हे मात्र सकाळी सातच्या आत ठरलेलं असतं.

२०१९च्या मार्चमध्ये चहाची पाळी आली. गरम चहाने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, अशा बातम्या जगभर झळकल्या. बदलापूरहूनच भरून येणारी लोकल अंबरनाथला पकडायची असेल, तर चहा निववत बसायला सवड कुणाला? बशीत ओतून फुरके मारणारे आणि त्यापायी नातवंडांची बोलणी खाणारे आजोबा मात्र एका सकाळीत जागतिक संशोधनाच्या बाजूला जाऊन बसले.

मूळ अभ्यास चांगलाच होता. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या ५०,०४५ माणसांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलेलं. रोज ७०० मिली किंवा जास्त चहा, तोही ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांमध्ये धोका ९० टक्के जास्त आढळला. बातमीत हा नव्वदचा आकडा ठळक आला. पन्नास हजारांत कर्करोग झाला तो ३१७ जणांना, म्हणजे दहा वर्षांत हजारी सहा-सात, हा आकडा शोधायला खाली उतरावं लागत होतं. सहाचे बारा झाले तरी 'दुप्पट'च, आणि सहा लाखांचे बारा लाख झाले तरी 'दुप्पट'च. बातमीला यातलं काय छापायचं ते नीट कळतं. शिवाय गोलेस्तान हा या रोगाचं प्रमाण मुळातच जास्त असलेला भाग. पण नकाशा फॉरवर्ड करायची पद्धत नाही.

अभ्यास चांगला असून ही गत, तर वाईट अभ्यासाचं काय विचारावं! जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१५ मध्ये मुद्दाम एक वाईट अभ्यास करून पाहिला. जर्मनीत पंधरा माणसं घेतली, त्यांचे तीन गट पाडले, काहींना रोज डार्क चॉकलेट दिलं आणि तीन आठवडे प्रत्येकाची अठरा मापं घेतली. वजन, कोलेस्टेरॉल, झोप, काय हवं ते. अठरा देवांना नवस बोलल्यावर एखादा पावतोच. इथे वजन पावलं. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'चॉकलेटने वजन घटतं' ही बातमी किती तरी देशांत पोचली. माणसं किती होती, हे विचारायचं बहुतेकांना सुचलंच नाही. बोहॅननने मे महिन्यात सगळं उघड केलं, तोवर चॉकलेट खाऊन झालं होतं.

मोझार्टचंही तसंच. १९९३ मध्ये ३६ कॉलेजकुमारांनी दहा मिनिटं त्याचं संगीत ऐकलं आणि कागदाच्या घड्यांची कोडी जरा बरी सोडवली. परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात एकही बाळ नव्हतं, पोटातलं तर नाहीच. तरी गर्भसंस्काराच्या सीडीवाल्यांना आधार मिळाला तो मिळालाच.

पण परदेशी मंडळींना हसण्याआधी २३ जून २०२० आठवावा. त्या दिवशी हरिद्वारला कोविडवरचं औषध म्हणून 'कोरोनिल' अवतरलं: सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे! जयपूरच्या एका संस्थेतली चाचणी, शंभर रुग्ण, त्यांतले पंचाण्णव हिशेबात. सगळे लक्षणं नसलेले किंवा सौम्य आजाराचे. आणि ज्यांना औषधाच्या नावाखाली निव्वळ प्लासिबो मिळालं, त्यांच्यातलेही साठ टक्के त्याच सात दिवसांत निगेटिव्ह. हे साठ टक्के कुणाच्या उपकाराने बरे झाले, याची पत्रकार परिषद झाली नाही. उत्तराखंडच्या परवाना खात्याने सांगितलं, आमच्याकडे अर्ज आला होता तो प्रतिकारशक्ती, खोकला आणि तापासाठी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत दुसरा अंक रंगला. मंचावर केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन, शेजारी नागपूरचे नितीन गडकरी आणि औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र मिळाल्याची द्वाही. संघटनेला लगेच खुलासा करावा लागला: आम्ही कोविडवरचं कुठलंही पारंपरिक औषध तपासलेलं किंवा प्रमाणित केलेलं नाही. इकडे राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांनी योग्य प्रमाणपत्रांशिवाय महाराष्ट्रात विक्री होऊ देणार नाही, असं जाहीर केलं. एक मराठी मंत्री मंचावर, दुसरा नाक्यावर. तुलनेसाठी दोन गट असावेत म्हणतात, ते इतक्या शब्दशः घ्यायचं नसतं.

पुढे कोरोनिल बनवणाऱ्या कंपनीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचं प्रकरण इंडियन मेडिकल असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात नेलं. एप्रिल २०२४ मध्ये ६७ वर्तमानपत्रांत माफी छापल्याचं कंपनीने सांगितलं, तेव्हा न्यायालयाने विचारलं, ती तुमच्या जाहिरातींएवढी मोठी आहे का? दुसऱ्या दिवशी मोठ्या आकाराची माफी आली. पालेगावच्या ग्रुपवर ती कुणी टाकली नाही. त्या आठवड्यात तिथे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावरचं संशोधन चालू होतं, पाणी आलेलं नसताना.