निदानकाका

डोंबिवलीत सायकलचं चाक आऊट व्हायला विशेष काही करावं लागत नाही; सायकल गेटबाहेर काढली की पुरतं. ते का आऊट झालं हे कळायला मात्र निदानकाका लागतात. प्रत्येक सोसायटीत एक असतातच.

काका रिटायर झालेत. उमेदीची सगळी वर्षं लोकलच्या दारात गेल्यामुळे सायकल चालवायला त्यांना सवड मिळाली नाही. तिच्याबद्दलची त्यांची मतं इतकी ठाम आहेत ती बहुधा त्यामुळेच.

नववीतला एक पोरगा क्लासला निघालेला असतो. मागचं चाक दर फेऱ्याला ब्रेकच्या गुटक्याला घासतंय. काकांना ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऐकू येतं. "थांब! हात लावू नकोस!" बनियनवर शर्ट चढवत ते खाली येतात. सायकल सीट-हँडलवर उलटी होते. आधी रिम धरून आडवी हलवतात, म्हणजे हबात प्ले नाही, कोन ढिले नाहीत याची खात्री. मग चाक फिरवून रिमच्या कडेशी खडू धरतात. जिथे पांढरं लागतं तिथे बाक. त्यानंतर काका डोळे मिटतात आणि एकेक स्पोक बोटाने छेडत जातात. "ही बोलते... ही बोलते... ही मुकी. आऊट कुणी काढला होता?"

"स्टेशनजवळ, काका."

काका नुसता उसासा सोडतात. आधीचा मिस्त्री गाढव होता, हे निदानाचं पहिलं कलम.

"अहो, त्याला क्लासला जाऊ द्या," वरून काकूंचा आवाज येतो. तो दरवेळी येतो, आणि दरवेळी वायाच जातो.

गंमत अशी की काकांचं शास्त्र चोख असतं. 2 मिलीमीटर जाडीची तार माणसाचं वजन खालून पेलू शकत नाही. ती दाबली तर वाकेल. चाक उभं राहतं ते सगळ्या तारा रिमला आत खेचून धरतात म्हणून. डावीकडच्या डावीकडे ओढतात, उजवीकडच्या उजवीकडे, आणि या भांडणात रिम सरळ राहते. गिअरच्या सायकलीला मागच्या चाकात उजवीकडे फ्रीव्हील जागा अडवतं, त्यामुळे त्या बाजूच्या तारा उभ्या आणि जास्त ताठ, डावीकडच्या सैल. खड्ड्यात चाक आपटलं की सैल तारेचा निपल हळूहळू उलटा फिरतो. घाईतला मिस्त्री काय करतो? बाकाजवळची एकच तार करकचून पिळतो. चाक त्या दिवशी सरळ दिसतं. बाकीच्या तारा तशाच सैल. पंधरवड्यात पुन्हा खस्स.

एवढ्यावर काका थांबते तर पोरगा क्लासला पोचला असता. पण काकांना मूळ कारण लागतं. "1853 साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी कल्याणला. तेव्हापासून इथल्या माणसानं रस्त्याकडे बघणंच सोडलं. तुझा आऊट तेव्हाचा आहे!" पोरगा घड्याळ बघतो. काका पेव्हर ब्लॉकवर येतात. ब्लॉकचा आऊट आडवा, खड्ड्याचा उभा. मानपाडा रोडचा वेगळा, कल्याण-शीळ रस्त्याचा वेगळा, आणि काकांना तो नुसत्या बोटाने ओळखू येतो. हे शेवटचं मला पटत नाही, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत नाही.

ठाण्यातले निदानकाका हेल्मेट घालतात. ते येऊरच्या चढावर भेटतात, सिंगल वॉल रिमचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, आणि तुमच्या चाकाचा दोष तुमच्या वजनात शोधतात. कल्याणचे जुन्या वळणाचे. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे काळी, 28 इंची, पुढे 32 तारा, मागे 40. मागे जास्त का, असं विचारलंत तर ते दयेने म्हणतात, "दुधाचे कॅन तू पुढे टांगतोस काय?"

तिघांमध्ये एक गोष्ट मात्र सारखी. निपल फिरवायचा पाना कुणाकडेच नसतो. मी एकदा काकांना नवा पाना आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, "पोलाद बरं आहे" म्हणाले आणि शोकेसमध्ये ठेवला. पाव पाव आटा पिळत, दर वेळी समोरच्या तारेशी ताळा घेत तासभर बसणं हे मिस्त्रीचं काम. ते जमणारा मिस्त्रीही असतो. तो कारण सांगत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो.

शेवटी पोराच्या आईने वैतागून त्याला नवं चाक बसवून दिलं. सरळ, चकचकीत, कुठे घासणं नाही. त्या संध्याकाळी काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी चाक फिरवलं. खडू धरला, कुठेही लागला नाही. मग डोळे मिटून तारा छेडल्या, आणि हळूहळू चेहऱ्यावर तरतरी आली.

"अजून बसलेलं नाहीये हे," ते म्हणाले. "नवं चाक पहिल्या दिवसांत ताण सोडतं. पंधरा दिवसांनी ये."

आणि पंचाईत अशी की, यातही ते बरोबरच होते.