खान्देशात वाईन पारखण्याची रीत

वाईन घ्यायला निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं. एप्रिल-मे असेल तर देशी की विदेशी हा वाद तूर्त बाजूला ठेवावा. वाईनला १२ ते १५ अंश मानवतात आणि जळगावात पारा ४५ च्या घरात असतो. दुकानाच्या काचेत उन्हाकडे तोंड करून महिनाभर उभी राहिलेली बाटली बोर्दोची असो की दिंडोरीची, आत तिचा मुरांबाच झालेला असतो. त्यामुळे लेबल वाचण्याआधी एसी शोधावा. तो फक्त गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या डोक्यावर असेल, तर फ्रिजमधली बिअर घेऊन मुकाट परतावं.

ऋतू ठीक असेल तर भावाकडे वळावं. विदेशी बाटलीची किंमत ऐकून धुळ्याचे मामा विचारतात, "इतला पैसा कसाना?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कागदावर मांडून द्यावं. बंदरात ५०० रुपयांना पडलेल्या फ्रेंच बाटलीवर १५० टक्के आयात शुल्क, म्हणजे ७५० रुपये. गोदीबाहेर पडतानाच ती १२५० ची होते. राज्याचा कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार अजून रांगेतच आहेत. म्हणजे गोदीच्या भावात पाचातले तीन घोट सरकारचे. मामांनी ते देशसेवा समजून घ्यावेत. विदेशीचाच हट्ट असेल तर ऑस्ट्रेलियाची मागावी. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे तिथल्या किमान ५ डॉलरच्या बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे.

नाशिकची बाटली चांदवड, मालेगाव करत आग्रा रोडने धुळ्यात येते. तिला ना बोट लागते ना कस्टम. शिवाय द्राक्षमळ्यातलं ठिबक जळगावच्या कारखान्यातलं असण्याची बरीच शक्यता असल्याने जळगावकरांनी तिला घरचीच मानायला हरकत नाही.

खरी परीक्षा मात्र ताटात होते. शेवभाजीबरोबर भारी, तुरट रेड वाईन कधीही उघडू नये. त्या तुरटपणाने तिखट आणखी चढतं आणि चार हजार रुपये मोजलेला माणूस पाण्याचा तांब्या शोधत फिरतो. इथे नाशिकची किंचित गोडसर चेनिन ब्लाँ गार करून घ्यावी. काळ्या मसाल्याच्या तर्रीला ती निमूट सांभाळून घेते. बामणोदच्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत असेल तर त्या धुरकट चवीला शिराझ शोभते. भरीत पार्टी डिसेंबरात, रात्री, शेतात. तेव्हा पारा १० - १२ वर उतरतो आणि फ्रेंच माणूस ज्यासाठी तळघर खणतो ते तापमान बांधावर फुकट मिळतं. फिरकीच्या झाकणाची बाटली न्यावी. शेतात कळणाच्या भाकरी, ठेचा, कांदा सगळं मिळतं, बूच काढायचं यंत्र मिळत नाही.

एका प्रसंगी विदेशीला पर्याय नाही: व्याह्यांना भेट. आयात बाटलीच्या पाठीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपी असलेला स्टिकर असतो. तो चुकूनही खरवडू नये. व्याह्यांना वाईन कळत नसली तरी आकडे कळतात. ते माळकरी निघाले, तर बाटली परत आणण्यात संकोच करू नये.