सांबाराचे वारसदार

काका तंजावरला पर्यटक म्हणून उतरत नाहीत. वडिलोपार्जित जमिनीत कुळानं काय पेरलंय ते पाहायला यावं, तसे उतरतात. व्यंकोजीराजांनी इथं गादी कशी स्थापली, हे ते रिक्षावाल्याला मराठीतून ऐकवतात. रिक्षावाला शांतपणे ऐकून घेतो आणि भाडं वाढवून सांगतो.

बृहदीश्वराचं विमान राजराज चोळानं १०१०मध्ये पुरं केलं. मान मोडेस्तोवर पाहत राहावं असं काम. ‘‘बरं बांधलंय,’’ असं प्रशस्तिपत्र देऊन काका मराठी शिलालेखाच्या शोधात निघतात. १८०३मध्ये सरफोजीराजांच्या काळात कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास तो. दुसऱ्या ओळीपर्यंत काका खणखणीत वाचतात. तिसरीला घोडं अडतं. मग फोटो.

केळीच्या पानावर सांबार पडलं की त्यांना राहवत नाही. संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला आमसूल मिळेना, चिंच घातली, झालं सांबार! पुरावा काय, असं काकूंनी एकदाच विचारलं होतं. ‘‘सरस्वती महालात मोडीचे रुमाल पडलेत, त्यात असणारच.’’ काकांना मोडी येत नाही. काकू आता रसम पितात आणि पापड मोडतात.

या शहरात पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी जपलेली माणसं आजही आहेत. असे एक वृद्ध गृहस्थ देवळात भेटले, आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत आपुलकीनं बोलू लागले. काकांना गहिवरून आलं आणि लगेच त्यांनी चूक काढली. ‘‘तुमचं प्रोनन्सिएशन ओके आहे हो, पण बेसिकली ग्रामरमध्ये प्रॉब्लेम आहे.’’ गृहस्थांनी हसून घरी कॉफीला बोलावलं. सभ्यता मात्र त्यांनी अस्सल जपली होती.

खरेदीला काकांचा हक्क विशेष उफाळतो. मान डोलावणाऱ्या बाहुल्या, सोन्याच्या वर्खाची चित्रं, चांदीचं उठावकाम केलेल्या तंजावरी थाळ्या. ‘‘या कलांना आश्रय कोणी दिला? आपल्या राजांनी. मग आपल्यालाच पूर्ण भाव?’’ दुकानदाराला हिंदी येत होतं, इतिहासही येत होता. ‘‘राजे पूर्ण पैसे देत होते, सार,’’ तो म्हणाला. काकांनी मुकाट्यानं पाकीट काढलं.

दिवाळीत आता बडोदा ठरलंय. तिथली शेव-उसळ म्हणजे आपली मिसळच, हे त्या लोकांना अजून कोणी नीट सांगितलेलं नाही म्हणे.