एच-इंडेक्सवाले सर

विद्यापीठाच्या जवळजवळ प्रत्येक विभागात एक सर असे असतात की त्यांना ‘काय म्हणताय?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘चौदा.’ हा त्यांचा एच-इंडेक्स. ईमेलखालच्या सहीत तो असतोच. दारावरच्या पाटीवर नाही, कारण दर सहा महिन्यांनी पाटी रंगवून द्यायला कोणी तयार नाही. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये हे माप सुचवलं. किमान चौदा सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांत उल्लेख, मिळालेले चौदा पेपर असले की इंडेक्स चौदा. माप सुटसुटीत आहे आणि सरांनी ते कोळून प्यायलं आहे. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या पेपरचं त्यांना आता सोयरसुतक नाही. त्याला दोनशे सायटेशन्स मिळोत की चारशे, इंडेक्स जागचा हलत नाही. त्यांचा जीव अडकलाय पंधराव्या पेपरात. वरच्या चौदांनी पंधराची रेघ केव्हाच ओलांडली आणि हा मेला तेरावर बसून आहे. दोनच सायटेशन्स हवीत. मग भाताच्या तुसाच्या विटांवरच्या नव्या पेपरात, काडीचा संबंध नसताना, सांडपाण्यावरचा तो जुना पेपर संदर्भ म्हणून उगवतो.

पण स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून मोजणारेही निघालेत, त्यामुळे गोतावळा लागतो. सरांचा हिशोब लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा चालतो: नागपूरच्यांनी तीन दिली, आपण तीन फेडली, कोइमतूरच्यांकडून दोन यायची आहेत. निनावी रिव्ह्यूअर म्हणून दुसऱ्याचा पेपर हाती आला की ‘लेखकांनी पुढील चार महत्त्वाचे पेपर विचारात घ्यावेत’ असा शेरा जातो, आणि चारही एकाच माणसाचे असल्याने निनावीपणा तिथेच संपतो. सहलेखकांचंही तेच. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरला 5154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पानं नावांच्या आणि संस्थांच्या यादीनेच भरली. सर्न प्रयोगशाळेतलं, ज्यावर हा कण सापडला ते यंत्र चालवायला खरोखरच हजारो माणसं लागतात. सरांच्या विटांना सहा पुरतात: सर, विभागप्रमुख, ज्यांच्या खोलीत भट्टी आहे ते, नागपूरचे, कोइमतूरचे, आणि जिने विटा भाजल्या ती विद्यार्थिनी.

यावर कोणी म्हणेल, आकडा नव्हता तेव्हा काय दिवे लागत होते? वशिला होता, निवड समितीत मामा होते. आक्षेप बिनतोड आहे. ओळखपाळख नसलेल्या, आडगावच्या संशोधकाला या आकड्याने समितीपुढे निदान बोलायला काहीतरी दिलं. पण त्याने वशिला हटला नाही, फक्त तो मोजता येऊ लागला. ओळखी जास्त म्हणून सहलेखक जास्त, सहलेखक जास्त म्हणून पेपर जास्त, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या पुढच्या पेपरात त्याच पेपरचा संदर्भ देणार. नाव झालेल्याकडेच आणखी श्रेय जातं, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं. शिवाय सरांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे ‘यूजीसी’ने, 2010 मध्ये बढतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली आणि सर आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे गुण मिळवायला लागले. गुणांना गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर दुकानंही निघाली: विद्यापीठांच्या शिफारशीने ‘यूजीसी’च्या मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी जी इतर मोठ्या सूचींत नव्हती, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असावीत, असा निष्कर्ष पुण्याच्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू असतो: हजारो संशोधक एकत्र पाहिले तर चांगलं काम आणि मोठा इंडेक्स बहुधा बरोबरच सापडतात. सापडत असतील, पण बढती हजारोंना एकगठ्ठा मिळत नाही, एकेका माणसाला मिळते, आणि एकच आकडा माणसाचं फार तर ढोबळ चित्र देतो हे खुद्द हर्श यांनीच त्या पेपरात लिहून ठेवलंय. (सरांनी तो पेपर साइट केला आहे, वाचला असेलच असं नाही.) गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. अलीगढला असताना फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या सूचनेवरून त्यांनी 1931 मध्ये एक चेष्टेचा पेपर लिहिला आणि त्यातलं श्रेय बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाला दिलं. तो रीतसर छापून आला. पुढे 1944 मध्ये, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, त्यांनी गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं काढण्याचं सूत्र मांडलं. आज पिकांच्या जनुकीय नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी’ हा पर्याय तयारच असतो. संशोधक त्यावर क्लिक करून पुढे जातो, आणि मूळ पेपर संदर्भसूचीत घालायचा बरेचदा राहूनच जातो. म्हणजे नसलेल्या बूर्बाकीच्या खात्यावर एक उल्लेख जमा, आणि रोज वापरात असलेल्या कोसंबींच्या खात्यावर ही क्लिक शून्य. हे सगळं सरांना ऐकवलं तर ते खरोखर हळहळतात, आणि म्हणतात, ‘कोसंबींनी दोन-तीन को-ऑथर घ्यायला हवे होते.’